मास्तरांच्या गाडीला काय झालं

वायरमन: हॉर्न दाबा, मास्तर.

मास्तर: दाबलाय की.

वायरमन: दाबून धरलाय?

मास्तर: अंगठा पांढरा पडला माझा. हूं नाही की चूं नाही.

वायरमन: हेडलाइट?

मास्तर: नाही.

वायरमन: आतला दिवा? दार उघडल्यावर लागतो तो?

मास्तर: नाही. घड्याळ नाही, रेडिओ नाही, काच खाली होत नाही. दारसुद्धा चावी घालून हाताने उघडलं. तुला फोनवरच म्हटलं होतं, गाडी ठार मेलीय.

वायरमन: मरत नाही हो गाडी. कुठेतरी अडलेली असते.

काकू: केव्हापासून अडलीय तेही विचार त्यांना.

मास्तर: कालपासून. काल सकाळी मस्त चालत होती.

काकू: काल तुम्ही गाडीला हातही लावला नाहीत.

मास्तर: मग परवा.

काकू: परवाही नाही. मंगळवारी वाचनालयात गेला होतात, ते शेवटचं. आज शनिवार.

मास्तर: अगं, गाडी मी चालवतो की तू?

काकू: तुम्हीच. मला कुठे येते? अर्ध्या गावाला शिकवलंत, घरात तेवढं शिकवायचं राहिलं.

मास्तर: तू दोन दिवस आलीस आणि तिसऱ्या दिवशी रुसून बसलीस.

काकू: तिसऱ्या दिवशी तुम्ही ओरडलात. भर चौकात.

वायरमन: काकू, तुमच्यावर नुसते ओरडले. मला गुडघ्यावर पट्टी बसायची. क्लच पटकन सोडला की फटका.

मास्तर: म्हणून वीस वर्षं झाली तरी तुझी क्लचप्लेट जळत नाही. बोलत बसू नकोस, हात चालव. चार वाजता लेक येतेय स्टेशनवर. तीन महिन्यांचं बाळ आहे बरोबर. मी तिला शब्द दिलाय, मीच येईन म्हणून.

वायरमन: आत्ता दोन वाजताहेत. होईल. बॉनेट उघडा, बॅटरी बघू आधी.

मास्तर: बॅटरीत दोष नाही. सकाळी समोरच्या डॉक्टरांनी त्यांच्या गाडीवरून केबल लावून बघितली.

वायरमन: मग?

मास्तर: मग काय? डॉक्टर म्हणाले, पेशंट गेलेला आहे.

वायरमन: थांबा, थांबा. केबल लावल्यावरसुद्धा काहीच नाही? एखादा बल्ब तरी मिणमिणला असेल?

मास्तर: एकही नाही.

वायरमन: हे बरोबर नाही. बॅटरी उतरलेली असती तर दुसऱ्या गाडीची वीज मिळाल्यावर काहीतरी हललं असतं. जरा मीटर लावतो. मास्तर, बाहेर या, तुम्हीही बघा. बारा पॉइंट सहा.

मास्तर: म्हणजे भरलेली आहे.

वायरमन: ठणठणीत आहे. बिचारीला उगाच नावं ठेवली.

काकू: म्हणजे वीज आहे गाडीत?

वायरमन: आहे, काकू. पण कुठे जात नाहीये. टाकी काठोकाठ भरलेली आणि नळाला थेंब नाही, तसं झालंय.

काकू: मग नळ बंद असेल.

मास्तर: अगं, तो कामात आहे, त्याला नळाच्या गोष्टी सांगू नकोस.

वायरमन: तसं काकू चुकीचं नाही बोलल्या. हे दोन्ही टर्मिनल घट्ट आहेत, हलत नाहीत. आता ही काळी तार बघा. गाडीभर वीज फिरते आणि लोखंडातून जाऊन ह्या तारेने बॅटरीत परत येते. परतीची वाट तुटली की सगळं एकदम बंद. हॉर्न, दिवे, सगळंच.

मास्तर: अर्थिंगची तार. मला शिकवतोस?

वायरमन: काकूंना सांगतोय. हा बघा, बोल्ट हिरवा पडलाय. वाट्टेल ती पैज लावतो, हाच चोर. जरा घासतो. झालं. फिरवा चावी, मास्तर.

मास्तर: फिरवली.

वायरमन: अं?

मास्तर: फिरवली रे. काही नाही.

वायरमन: असं कसं? परत एकदा.

मास्तर: परत एकदा काही नाही.

वायरमन: थांबा. मीटरची एक पिन बॅटरीवर, एक गाडीच्या लोखंडाला. बारा पॉइंट सहा. म्हणजे परतीची वाट मोकळी आहे. बॅटरी चांगली, वाट चांगली, आणि गाडी मात्र ढिम्म. आता माझंच डोकं बंद पडलं.

मास्तर: चावीचा स्विच गेला असेल.

वायरमन: हॉर्नला चावी लागत नाही, मास्तर. आतल्या दिव्यालाही नाही.

मास्तर: हो. नाही लागत. हे मला ठाऊक असायला हवं होतं.

वायरमन: होतं असं. एवढ्या गडबडीत कुणाचंही होतं.

मास्तर: माझं होत नसे.

काकू: उन्हात किती वेळ उभे राहणार? टोपी तरी घाला.

मास्तर: टोपी घालून गाडी चालू होणार आहे का? तू बोल रे. पुढे काय?

वायरमन: पुढे हा काळा डबा. बॅटरीतून जाड तार निघते ती इथे येते, आणि इथून वीज गाडीभर वाटली जाते. झाकण न काढता आधी तारेवर बघतो. बारा पॉइंट सहा. इथपर्यंत आली. आता डब्यातून बाहेर पडते तिथे... शून्य.

मास्तर: शून्य?

वायरमन: चक्क शून्य. म्हणजे ह्या वीतभर जागेत गडप होतेय. सापडलं, मास्तर. मेन फ्यूज उडालाय. दोन मिनिटांचं काम. झाकण काढतो आणि... अरेच्चा!

मास्तर: काय झालं?

वायरमन: नाहीये.

मास्तर: उडालेला नाहीये?

वायरमन: फ्यूजच नाहीये. जागा रिकामी आहे. बघा ना, इथे दोन स्क्रूखाली तो बसतो. स्क्रू आहेत, फ्यूज नाही.

मास्तर: पडला असेल कुठेतरी.

वायरमन: स्क्रूखालून कसा पडेल? आणि पडला तर स्क्रूही पडतील. हे स्क्रू कुणीतरी काढलेत, फ्यूज घेतलाय, आणि स्क्रू परत जागेवर नीट बसवलेत. झाकणाच्या खटक्यासकट. झाकणावरची धूळसुद्धा पुसलीय.

काकू: चोर?

वायरमन: बॅटरी सोडून फ्यूज नेणारा चोर मी तरी बघितला नाही. आणि बॉनेट उघडायचा खटका गाडीच्या आत असतो, गाडी कुलपात. चावी कुणाकडे असते?

मास्तर: माझ्याकडे.

वायरमन: एकच?

मास्तर: दुसरी हिच्या कपाटात. का रे?

वायरमन: काही नाही. विचारतोय.

मास्तर: माझ्या गाडीचं बॉनेट माझ्याशिवाय कुणी उघडत नाही. मेकॅनिककडे दिली तर मी शेजारी उभा असतो. असं कसं होईल? तू परत बघ. खाली कुठे अडकला असेल.

वायरमन: बघितलं, मास्तर.

मास्तर: मग मला तरी काही कळत नाही. थांब. माझ्या हत्यारांच्या पेटीत जुने फ्यूज आहेत. हा मोठाही एखादा असेल. आणतो मी. पेटी माळ्यावर आहे की मोरीच्या वर, गं?

काकू: पलंगाखाली.

मास्तर: पलंगाखाली कशी आली?

काकू: तुम्हीच ठेवलीत. सावकाश वाका.

(मास्तर घरात जातात.)

वायरमन: काकू, एक विचारू? राग मानू नका.

काकू: विचार.

वायरमन: फ्यूज तुम्ही काढून ठेवलात का?

काकू: मी?

वायरमन: मी कुणाला बोलणार नाही. पण तुम्ही काढला असेल तर तसं सांगा. मी मघापासून वेड्यासारखा मीटर लावत बसलोय.

काकू: मला बॉनेट कुठून उघडतं तेही ठाऊक नाही रे. ठाऊक असतं तर काढला असता. सुचलंच नाही मला, की एवढ्याशा तुकड्याने गाडी थांबते.

वायरमन: काढला असता? का?

काकू: तुझ्या लक्षात नाही आलं?

वायरमन: चावीच्या स्विचचं बोलले तेव्हा जरा वाटलं. मास्तर असं बोलायचे नाहीत.

काकू: तीन आठवडे झाले. केस कापायला म्हणून गाडी घेऊन गेले. न्हाव्याचं दुकान ते केवढं लांब, चालत दहा मिनिटं. चार तास झाले तरी पत्ता नाही. शेवटी त्यांच्या जुन्या ड्रायव्हिंग स्कूलमधल्या कारकुनाने फोन केला. जिथे तुम्हा लोकांची परीक्षा व्हायची ना, ते मैदान?

वायरमन: तिथे आता इमारती झाल्यात.

काकू: त्या इमारतींच्या फाटकाशी गाडी लावून बसले होते. शेजारच्या सीटवर. मास्तरांच्या जागेवर. स्टिअरिंगसमोर कुणी नाही. कारकून म्हणाला, मास्तर, इथे काय करताय? तर म्हणाले, परीक्षेचा मुलगा अजून आला नाही, आठची वेळ दिली होती.

वायरमन: डॉक्टरांना दाखवलं?

काकू: मेंदूच्या डॉक्टरांची पुढच्या आठवड्याची वेळ मिळालीय. तोवर गाडी चालवू देऊ नका म्हणाले फोनवर. सांगायला काय जातंय त्यांचं! मी दोन्ही चाव्या लपवल्या पिठाच्या डब्यात. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी सगळं घर उलथंपालथं केलं ह्यांनी. स्वतःलाच शिव्या घालत होते, मी चावी हरवली, मी चावी हरवली. मला ते बघवेना. दिली काढून.

वायरमन: आणि ताई? तिला माहीत आहे?

काकू: बाळंतपण झालेली पोर. कसं सांगू? तिने लाडाने म्हटलं, बाबा, तुम्हीच या न्यायला. तेव्हापासून ह्यांची तयारी चाललीय. मागच्या सीटवर गादी शिवून घेतली बाळासाठी. आणि मी रोज रात्री देवाला सांगतेय, काहीतरी कर. आज सकाळी गाडी चालू झाली नाही तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आनंदाने.

वायरमन: काकू...

काकू: तुझ्याकडे तो फ्यूज आहे ना?

वायरमन: आहे. बॅगेत आहे.

काकू: नाही म्हणून सांग. मिळत नाही सांग. कंपनीने बंद केला म्हण.

वायरमन: मास्तरांशी खोटं बोलायचं?

काकू: त्या पोराला ते मांडीवर घेऊन बसू देत की दिवसभर. पण गाडीत नको रे. तुझ्या पाया पडते.

वायरमन: असं नका बोलू. आले बघा.

मास्तर: सापडली पेटी. पलंगाखालीच होती. ही उघड तू, माझ्याने झाकण निघत नाही. पाने वेगळे, स्क्रू ड्रायव्हर वेगळे. माझी पेटी बघून शीक जरा, तुझी बॅग म्हणजे उकिरडा आहे. तो खालचा कप्पा बघ. फ्यूज तिथे असतात.

वायरमन: हे सगळे लहान आहेत, मास्तर. ह्यातला एकही चालणार नाही.

मास्तर: आणि ते काय आहे कागदात?

वायरमन: कुठे?

मास्तर: ते. कोपऱ्यात. रबर लावून ठेवलेलं. दे इकडे. अरे, हाच की! मेन फ्यूज. मी म्हटलं नव्हतं, माझ्याकडे असेल? बघ, नवाकोरा दिसतोय.

वायरमन: नवा नाही, मास्तर. वापरलेला आहे. स्क्रूच्या खुणा आहेत. हा... हा ह्याच गाडीतला असेल.

मास्तर: ह्याच गाडीतला माझ्या पेटीत कसा येईल? कागदावर काहीतरी लिहिलंय. माझ्या हजेरीच्या वहीचं पान आहे हे. वाच रे, चष्मा आत राहिला.

वायरमन: काही नाही. जुनं काहीतरी दिसतंय.

मास्तर: काय जुनं?

वायरमन: असंच. हिशेब-बिशेब.

मास्तर: तू परीक्षेच्या दिवशी सिग्नल तोडलास आणि मला म्हणालास, तोडला नाही. तेव्हा असंच खाली बघत होतास. वाच.

वायरमन: काकू, तुम्ही वाचता का?

मास्तर: तिला कशाला? मी तुला सांगतोय. मोठ्याने वाच.

वायरमन: “मेन फ्यूज मी काढला आहे. मंगळवार, दुपारी साडेबारा.”

मास्तर: पुढे?

वायरमन: “शाळा सुटली होती. मुलं रस्ता ओलांडत होती. ब्रेक कुठला ते पायाला आठवलं नाही. तिन्ही पेडल सारखीच वाटली. चढ होता म्हणून गाडी आपोआप थांबली. कुणाला लागलं नाही. पुढच्या मुलीचं दप्तर बंपरला टेकलं होतं.”

काकू: अगं आई गं.

मास्तर: संपलं?

वायरमन: नाही. “हिला सांगितलेलं नाही. हे विसरशील म्हणून लिहून ठेवतोय. फ्यूज लावायचा नाही. कितीही महत्त्वाचं काम असलं तरी नाही.” बस. खाली सही आहे.

मास्तर: कुणाची?

वायरमन: तुमची.

मास्तर: दाखव. लांब धर जरा. हो. अक्षर माझंच आहे. सहीखाली दोन टिंबं मीच देतो. मंगळवारी? मंगळवारी मी वाचनालयात गेलो होतो ना, गं?

काकू: गेला होतात. पण पुस्तकं न बदलताच परत आलात. तीच दोन पुस्तकं पिशवीत होती. जेवला नाहीत. मी विचारलं तर म्हणालात, पोट भरलंय. मग बराच वेळ बाहेर गाडीपाशी होतात. मला वाटलं, पाणी-ऑइल बघताय.

मास्तर: मला काहीच आठवत नाही. मुलं आठवत नाहीत, चढ आठवत नाही. ते दप्तर कुठल्या रंगाचं होतं?

वायरमन: ते लिहिलेलं नाही.

मास्तर: मग मी आज सकाळपासून काय करतोय? डॉक्टरांना उठवलं, तुला कामावरून बोलावलं. हा फ्यूज मीच काढला आणि मीच... मला नीट सांग रे. ह्यात कुणी काही चेष्टा केलेली नाही ना?

वायरमन: नाही, मास्तर.

मास्तर: तुला ठाऊक होतं, गं?

काकू: हे नव्हतं ठाऊक. मैदानाचं ठाऊक होतं.

मास्तर: कुठल्या मैदानाचं?

काकू: सांगेन. सावकाश सांगेन. आधी इथे पायरीवर बसा.

मास्तर: चाळीस वर्षं शिकवलं. माझ्या हाताखालच्या एकाही पोराने माणसाला धक्का दिलेला नाही. आणि तिन्ही पेडल सारखीच वाटली म्हणतो हा!

वायरमन: मास्तर, पाणी देऊ?

मास्तर: नको. मी विचार करतोय. हा जो लिहिणारा आहे ना, त्याने ते डोळ्यांनी बघितलंय. मी बघितलेलं नाही. मला तर आत्ताही वाटतंय, मी बसलो तर सरळ स्टेशनवर नेईन गाडी. हात शिवशिवताहेत. मग खरं कुणाचं धरायचं?

काकू: तुम्हीच सांगा.

मास्तर: त्याला खोटं लिहून काय मिळणार होतं? आणि फ्यूज काढून स्क्रू परत बसवले. घाबरलेला असणार, तरी काम व्यवस्थित केलं. त्याचंच धरायला हवं. तुझ्याकडे व्हॅन आहे ना?

वायरमन: आहे की. मागे सामान आहे, ते काढून टाकतो. तुम्ही तिघं आणि बाळ आरामात बसाल.

मास्तर: ती गादी घे मागच्या सीटवरची. आणि तू चाळीसच्या वर जायचं नाहीस.

वायरमन: तुम्ही शेजारी असल्यावर माझी काय टाप आहे!

काकू: पोर विचारेल, बाबा, आपली गाडी का नाही आणली?

मास्तर: सांग, बंद आहे. खोटं नाही ते. बाकीचं मी सांगेन तिला. आठवलं तर मी सांगेन, नाहीतर हा कागद तिच्या हातात दे.

काकू: आत्ताच नको द्यायला.

मास्तर: आत्ता नको. आधी बाळ बघू.

वायरमन: मास्तर, फ्यूजचं काय करू?

मास्तर: तू घेऊन जा. घरात नको. घरात ठेवलास तर मी शोधीन. शोधण्यात मी अजून चांगला आहे.

काकू: आणि ह्यांनी तुला परत फोन केला तर? गाडी चालू होत नाही म्हणून?

मास्तर: करणार ना. मला माहीत आहे ना मी.

वायरमन: मग काय करू मी, मास्तर?

मास्तर: मग ये. रागावू नकोस, वाद घालू नकोस. तो कागद दरवेळी वाचून दाखवू नकोस, दरवेळी नाही झेपणार मला. बॉनेट उघड, मीटर लाव, मला शेजारी उभं राहू दे. फ्यूज तेवढा दुकानात विसरून ये.